कॉम्प्रेसर छोटा, गाडी जुनी: स्प्रे गन कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी वापरलेली चार दारांची जुनी गाडी तुम्ही शेडमध्ये स्वतः रंगवायला काढली आहे. पत्र्याचं काम उरकलं आहे आणि आता प्रायमरची वेळ आली आहे. जवळ २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. नावाजलेल्या कंपनीची महागडी एचव्हीएलपी (भरपूर हवा, कमी दाब) गन घ्यावी, तीन गनचा स्वस्त सेट घ्यावा, की घरात पडून असलेली, खाली डबा लावायची जुनी सक्शन गनच दुरुस्त करून वापरावी? आणि नोझल कितीचं?

मी २२ वर्षं जुन्या गाड्यांनाच रंग देतो. हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक सगळे गनपासून सुरुवात करतात. मी तुम्हाला उलट्या बाजूने यायला सांगणार आहे. आधी हवा किती आहे ते मोजा, मग रंग कोणता ते ठरवा, आणि त्या दोन्हींना पेलेल ती गन घ्या. उत्तम गन अर्धपोटी हवेवर चालवली तर साध्या गनपेक्षा वाईट काम करते. हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

स्प्रे गनचा जन्म घशात औषध फवारायच्या यंत्रातून झाला. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातले डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ मध्ये असे फवारे बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. ते तत्त्व आजही तेच आहे. जोरात निघालेली हवा द्रवाला फाडते आणि त्याचे बारीक थेंब करते. थेंब जेवढे बारीक आणि एकसारखे, तेवढा रंग पत्र्यावर सपाट बसतो. हवा कमी पडली की थेंब मोठे होतात, आणि मोठे थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आधीच थिनर उडून जातं. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे. निम्म्याहून जास्त वेळा दोष हाताचा नसतो, हवेचा असतो.

आता तुमची हवा मोजू. कॉम्प्रेसरवर बहुधा ८ सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) आसपासचा आकडा छापलेला असेल. तो आकडा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा आहे. गळती, गरम होणं, व्हॉल्व्हचं नुकसान वजा जाता टाकीत प्रत्यक्ष पडणारी हवा त्याच्या दोनतृतीयांश ते पाऊणपट धरायची. म्हणजे तुमच्या हाती ५.५ सीएफएम आले, मिनिटाला साधारण १५५ लिटर.

पूर्ण आकाराच्या एचव्हीएलपी गनला १० ते १५ सीएफएम लागतात. आपण १२ धरू, म्हणजे मिनिटाला ३४० लिटर. टाकी ८ बारला भरलेली आहे आणि ३ बारच्या खाली गेली की गनपाशी पुरेसा दाब उरत नाही असं समजा. या पाच बारच्या फरकात ५० लिटरच्या टाकीतून वापरायला मिळाली २५० लिटर हवा. गन मिनिटाला ३४० खाते, कॉम्प्रेसर १५५ देतो, तूट १८५ची. टाकी सव्वा मिनिटात संपली. प्रत्यक्षात त्याच्याही आधी, कारण दाब ६ बारपर्यंत उतरल्याशिवाय बरेच कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीत. सव्वा मिनिटात मोठ्या बॉनेटचा एक हात जेमतेम पुरा होतो. बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागावर रंग काचेसारखा बसेल आणि मागच्या निम्म्यावर दाणेदार. माझ्या पहिल्या महागड्या गनने नेमकं हेच केलं होतं. ते बॉनेट पॉलिश पेपरने घासून मी तीनदा परत रंगवलं आणि तिन्ही वेळा गनचे नॉब फिरवत बसलो. टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

त्याच कॉम्प्रेसरवर ७ सीएफएमची एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन लावून बघा. गन मिनिटाला २०० लिटर खाते, तूट उरते ४५ लिटरच्या आसपास, आणि टाकी पाच-साडेपाच मिनिटं तग धरते. एवढ्यात कोणत्याही एका भागाचा हात पुरा होतो, आणि पुढच्या भागाकडे वळेपर्यंत टाकी पुन्हा भरते.

ही नावं काय आहेत तेही सांगतो, कारण खोक्यावर काहीही छापलेलं असतं. जुन्या पद्धतीची कन्व्हेन्शनल गन ३ ते ४ बार दाबावर चालते. थेंब फार बारीक करते, पण त्यांना एवढा वेग देते की बराच रंग पत्र्यावर आपटून परत उडतो. कपातल्या रंगापैकी जेमतेम एकतृतीयांश ते चाळीस टक्के गाडीवर बसतो, बाकीचा धुकं होऊन शेडमध्ये आणि तुमच्या छातीत जातो. एचव्हीएलपी म्हणजे भरपूर हवा, पण कमी दाबाने. तिच्या एअर कॅपमधून, म्हणजे नोझलवरच्या टोपणातून, बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब जास्तीत जास्त १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार असतो, आणि निदान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसावा अशी तिच्याकडून अपेक्षा असते. पण दाब कमी म्हणून थेंब फाडायला हवेचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि तिथेच छोटा कॉम्प्रेसर थकतो. एलव्हीएलपी गनमध्ये नोझल आणि कॅपची घडण अशी असते की कमी हवेत काम भागतं. तिचा फॅन, म्हणजे फवाऱ्याचा पट्टा, जरा अरुंद असतो आणि हात जरा सावकाश चालवावा लागतो. एका माणसाने, घाई न करता, एक गाडी रंगवायची असेल तर ही गैरसोय मला क्षुल्लक वाटते. मधली एक जात आरपी किंवा कम्प्लायंट या नावाने मिळते. ती एचव्हीएलपीपेक्षा थोड्या जास्त दाबावर चालते आणि हवा कमी खाते, तरी १० सीएफएमच्या घरात जातेच. तुमचा कॉम्प्रेसर ३ एचपीचा आणि टाकी मोठी असती तर मी तीच सुचवली असती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रंगासाठी वर कप असलेली, १.३ नोझलची, चांगल्या प्रतीची एलव्हीएलपी गन घ्या. प्रायमरसाठी तशाच बांधणीची, १.७ किंवा १.८ नोझलची दुसरी गन घ्या, ती स्वस्तातली चालेल. दोन्हींचा हवेचा खप ८ सीएफएमच्या आत आहे ना, ते कागदपत्रात पाहून घ्या. तो आकडा ज्या गनबरोबर दिलेलाच नाही, ती घेऊ नका. आणि पैसे गनवर संपवू नका. उरलेले पाइप, फिल्टर आणि मास्कवर घालायचे आहेत.

दोन गन का, असं वाटेल. एकाच गनला दोन नोझलचे सेट लावता येतात हे खरं. पण प्रायमर पुट्टीसारखं भरायचं काम करतं, त्यात घट्ट कण असतात. गन कितीही धुतली तरी एखादा कण आतल्या वळणात दडून राहतो, आणि नेमका शेवटच्या क्लिअरच्या (चमक देणाऱ्या पारदर्शक थराच्या) हातात बाहेर पडतो. पंधरा दिवसांची मेहनत आणि टपाच्या मधोमध राखाडी ठिपका, हे मी पाहिलं आहे. रंगाच्या गनमध्ये प्रायमर कधीही घालायचं नाही, एवढा नियम पाळा.

नोझलचा आकडा म्हणजे रंग बाहेर पडायच्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास. पातळ रंगाला लहान, दाट रंगाला मोठं. बेसकोटला (क्लिअरखालच्या रंगाच्या थराला) १.२ ते १.३, क्लिअरला आणि एकाच थरात चमक देणाऱ्या रंगाला १.३ ते १.४, एपॉक्सी प्रायमरला १.४ ते १.६, जाड थर देणाऱ्या टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) प्रायमरला १.७ ते १.९, आणि पॉलिएस्टर स्प्रे फिलर मारायचा असेल तर २ च्या वर. अंतिम शब्द रंगाच्या डब्याबरोबर येणाऱ्या तांत्रिक पत्रकाचा. त्यात नोझल, दाब, थिनरचं प्रमाण, दोन हातांमध्ये किती मिनिटं थांबायचं, सगळं दिलेलं असतं. लोक ते पत्रक फेकून देतात आणि मग ओळखीच्या चार जणांना विचारत बसतात.

मोठं नोझल लावलं की काम लवकर होईल, हा समज सोडा. भोक मोठं झालं की तेवढा रंग फाडायला हवाही जास्त लागते. तुमच्याकडे ती नाही. १.८ च्या नोझलनेसुद्धा प्रायमर मारताना फ्लुइडचा (रंग किती सुटावा ते ठरवणारा) नॉब पूर्ण उघडू नका. प्रायमर थोडं खडबडीत बसलं तरी त्यावर पेपर मारायचाच आहे, म्हणून तिथे हयगय खपते. रंगात ती खपत नाही.

सक्शन गनबद्दल. खाली डबा असलेल्या गनला रंग वर ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी दाब जास्त लागतो, रंग जास्त पातळ करावा लागतो, आणि डब्याच्या तळाचा थोडा रंग ओढलाच जात नाही. वर कप असेल तर रंग आपल्या वजनानेच उतरतो, शेवटच्या थेंबापर्यंत वापरला जातो आणि कमी दाबात भागतं. सक्शन गनचा एकच मोठा फायदा म्हणजे ती टेबलावर उभी राहते आणि लिटरभर रंग मावतो. तुमची जुनी गन फेकू नका. पॅकिंग आणि वॉशर बदलून घ्या आणि गाडीच्या पोटाला, मडगार्डच्या आतल्या बाजूला काळा रंग मारायला ठेवा. बाहेरच्या पत्र्याला ती नको.

टर्बाइनवर चालणाऱ्या गनचा विचार तुमच्या मनात येईलच, कारण तिला कॉम्प्रेसर लागत नाही. तिची हवा कोरडी आणि कोमट असते, हा गुण मोठा आहे. पण दोन-तीन स्टेजच्या छोट्या टर्बाइनचा दाब दाट क्लिअर नीट फाडायला पुरत नाही, आणि कोमट हवेने थिनर वाटेतच उडतं. चार-पाच स्टेजच्या यंत्राने चांगलं काम होतं, पण कॉम्प्रेसर हाताशी असताना त्यात पैसे गुंतवावेत असं मला वाटत नाही.

गन हातात घेतल्यावर काय बघायचं ते आता सविस्तर सांगतो, कारण कंपनीच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं आहे. एअर कॅप सोडवून उजेडाकडे धरा. मधलं भोक, त्याच्या शेजारची बारीक भोकं आणि दोन्ही शिंगांवरची भोकं गोल आणि स्वच्छ कडांची हवीत. कडेला धातूचा बारीकसा उभार नखाला लागला तरी हवेची धार तिरकी जाते. मग कॅप परत लावून समोरून पाहा. नोझलचं टोक कॅपच्या भोकाच्या बरोबर मधोमध बसलं पाहिजे, भोवतालची फट सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला फट जास्त दिसली तर ती गन परत ठेवा. स्वस्त गनमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

मग ट्रिगर सावकाश ओढा. त्याला दोन टप्पे असतात. आधी फक्त हवा सुटते, आणखी ओढलं की नीडल (नोझलचं भोक बंद ठेवणारी सुई) मागे सरकते आणि रंग येतो. या दोन टप्प्यांमधली पायरी बोटाला जाणवली पाहिजे. नीडल मागे जाताना अडखळायला नको आणि सोडल्यावर टचकन जागेवर यायला हवी. नीडल आणि नोझल स्टेनलेस स्टीलचे आहेत का तेही विचारा. पाण्यावर आधारित बेसकोट वापरायचा असेल किंवा आम्लयुक्त एच प्रायमर मारायचं असेल तर साध्या लोखंडाला गंज चढतो. आणि शेवटचं, नोझल, नीडल, कॅपचा सेट आणि पॅकिंग सुटं मिळतं का? हे तिन्ही भाग एकमेकांसाठी घडवलेले असतात, एका गनचं नोझल दुसरीला लावून चालत नाही. ज्या गनचे भाग मिळत नाहीत ती नोझल झिजेपर्यंतची सोबत. तीन गनच्या स्वस्त सेटबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्यातली एखादी गन फार छान निघते, पण कोणती ते आधी कळत नाही, आणि तिचं नोझल खराब झालं की तसंच दुसरं सापडत नाही. त्यातली प्रायमरची गन वापरा, हरकत नाही.

आता पाइप आणि पाणी. इथे बहुतेक जण फसतात. कॉम्प्रेसरवरचं घड्याळ ३ बार दाखवतंय म्हणून गनलाही ३ बार मिळतात असं नाही. ६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा लांब पाइप आणि अरुंद भोकाची कनेक्टरं मध्ये असली तर ट्रिगर ओढताच दाब चांगलाच खाली येतो. आतून ८ ते १० मिलिमीटरचा पाइप आणि मोठ्या भोकाची कनेक्टरं घ्या. गनच्या मुठीखाली छोटं घड्याळ आणि रेग्युलेटर लावा, आणि दाब नेहमी ट्रिगर ओढून धरलेला असताना ठरवा. नुसत्या उभ्या गनवर ठरवलेला आकडा खोटा असतो.

हवा दाबली की गरम होते आणि तिच्यातली वाफ तिच्यासोबत पुढे जाते. कॉम्प्रेसरला चिकटवूनच पाण्याचा सेपरेटर लावला तर त्यातून वाफ आरामात निसटते, पुढे पाइपमध्ये थंड होते आणि तिचं पाणी गनमधून रंगात येतं. सुरुवातीच्या काळात एका दमट दिवशी मी एका गाडीचा टप रंगवत होतो. दुसऱ्या हाताच्या मध्यावर गनने एकदा बारीकसं ठसकल्यासारखं केलं आणि ओल्या रंगात मोहरीएवढे खड्डे उमटले. ज्यांना आम्ही माशाचे डोळे म्हणतो ते तेल किंवा सिलिकॉनमुळे येतात, त्यांची कड गोल उचललेली असते आणि तळाशी खालचा थर दिसतो. पाण्याचे तसे नसतात. थेंब आत दबून राहतो आणि सुकल्यावर फुगवटा येतो. त्या दिवशी सेपरेटर कॉम्प्रेसरला टेकूनच होता. आता मी सात-आठ मीटर पाइप जाऊ देतो, हवा थंड होते, मग सेपरेटर, मग रेग्युलेटर आणि गन. टाकीच्या तळाचा ड्रेन रोज सकाळी उघडतो. दमट दिवशी कामाच्या मध्यावर पुन्हा एकदा.

मास्कबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण याचा गनच्या निवडीशी थेट संबंध आहे. टू-के प्रायमर, टू-के रंग आणि टू-के क्लिअर यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारल्यावर ते धुक्याबरोबर फुफ्फुसात जातं आणि कायमचा दमा जडवू शकतं. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोडंसं श्वासात गेलं तरी झटका येतो. त्याला ओळखता येईल असा वास नसतो, त्यामुळे कोळशाचं कार्ट्रिज संपलं हे नाकाला कळतच नाही. म्हणून या रंगांना बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच लागतो. असा मास्क कॉम्प्रेसरवर चालवायचा तर तोच तुमच्या टाकीतली मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर हवा खाईल, आणि तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा खास फिल्टर लावल्याशिवाय श्वासाला लायकही नसते. म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरवर गन आणि मास्क दोन्ही चालणार नाहीत. वेगळा ब्लोअर असलेला, शेडच्या बाहेरची स्वच्छ हवा ओढणारा मास्क घ्या. ते जमत नसेल तर टू-के रंग घरी फवारू नका. या एका बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही. माझ्या बरोबरीने काम शिकलेला एक जण आज रंगाच्या खोलीच्या दारातही उभा राहू शकत नाही.

टू-के टाळायचं तर पर्याय आहे. १९२०च्या दशकात लवकर वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं आणि गाड्या ब्रशने रंगवायची पद्धत मागे पडली. पुढे कित्येक वर्षं गाड्या लॅकर आणि इनॅमलमध्येच रंगल्या. तुमची गाडी त्या काळातली असेल तर ॲक्रिलिक लॅकर तिला शोभतं. पातळ असतं, १.३ च्या एलव्हीएलपी गनमधून फार सुंदर निघतं, हात चुकला तर पेपर आणि पॉलिशने सुधारता येतं. हात जास्त द्यावे लागतात आणि पॉलिशला वेळ लागतो, एवढंच. त्याच्या वाफांसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि पुढे धुळीचं फिल्टर असलेला नीट बसणारा मास्क चालतो. थिनरची वाफ पेट घेते. कॉम्प्रेसर, हीटर, ठिणगी उडवणारा साधा पंखा, सगळं फवारणीच्या जागेबाहेर ठेवा.

मेटॅलिक रंगाचा मोह असेल तर पहिल्या गाडीला तो नको. मेटॅलिकमधले चमकीचे कण थेंबाच्या आकारावर आणि ओलेपणावर आडवे किंवा उभे बसतात. हवा जराशी कमी-जास्त झाली की कुठे गडद, कुठे फिका असे पट्टे उमटतात. छोट्या टाकीवर तुम्ही एकेक भाग थांबून थांबून रंगवणार. साध्या रंगात ते खपून जातं, मेटॅलिकमध्ये दार आणि मडगार्ड वेगळ्या गाड्यांचे दिसतात.

गन घरी आणली की लगेच रंग भरू नका. आधी थिनर घालून फवारा, नव्या गनमध्ये कारखान्याचं तेल असतं. मग रंग पत्रकाप्रमाणे पातळ करा आणि फोर्ड कप नंबर ४ किंवा डीन ४ कपाने त्याचा दाटपणा मोजा, पत्रकात जो दिला असेल तो. कप भरायचा, खालचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. बेसकोट साधारण १५ ते १८ सेकंदांचा, क्लिअर थोडं जास्त. काठीवरून थेंब कसा पडतो ते बघून अंदाज बांधणारे जुने रंगारी असतात, त्यांच्या अंदाजामागे हजारो कप गेलेले असतात.

भिंतीवर मोठा कागद लावा. फॅनचा नॉब पूर्ण उघडा, फ्लुइडचा नॉब दोन-अडीच फेऱ्या, दाब २ बारपासून सुरू करा. कागदापासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर गन अगदी सरळ धरा, ट्रिगर ओढा आणि लगेच सोडा. कागदावर उभी, लांबट आकृती उमटेल. वरपासून खालपर्यंत ती सारखी भरलेली हवी. मधे दाट आणि टोकांना विरळ असेल तर हवा कमी पडतेय किंवा रंग दाट आहे. दोन्ही टोकांना गोळा आणि मधे कंबर बारीक, अशी डमरूसारखी झाली तर हवा जास्त आहे किंवा रंग फार पातळ. चंद्रकोरीसारखी एका बाजूला वाकली तर एखादं भोक तुंबलंय. कुठलं ते शोधायला कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारा. आकृतीही उलटी फिरली तर दोष कॅपमध्ये, जशीच्या तशी राहिली तर नोझलमध्ये. मग कॅप पाव फेरा फिरवून आकृती आडवी करा आणि ओघळ सुटेपर्यंत फवारत राहा. ओघळांची लांबी सगळीकडे सारखी दिसली की गन जुळली. कपात बुडबुडे येत असतील किंवा गन ठसकत असेल तर नोझल सैल आहे किंवा नीडलचं पॅकिंग ढिलं झालंय. गन लगेच दुकानात न्यायला नको, आधी ते आवळून पाहा.

हात चालवताना मनगट वळवू नका, कोपर आणि खांदा हलवा. गन पत्र्याला सगळीकडे समांतर जायला हवी. भागाच्या कडेबाहेर ट्रिगर ओढा आणि कडेबाहेर गेल्यावरच सोडा. मागच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढला पाहिजे, क्लिअरला तीनचतुर्थांश. एलव्हीएलपीचा फॅन अरुंद असल्यामुळे हा हिशेब तिच्यात जास्त सांभाळावा लागतो.

साफसफाई काम संपल्या संपल्या. पाच मिनिटांनी नाही. कपातला रंग काढा, थिनर फवारा, मग नीडल आधी काढा आणि नोझल नंतर. लावताना उलट, नोझल आधी आवळा आणि नीडल मागाहून घाला. नीडल आत असताना नोझल फिरवलं तर नोझलची आतली बैठक चिरते आणि रंग ठिबकायला लागतो. भोकांत तार किंवा सुई घालायची नाही, नायलॉनचा बारीक ब्रश किंवा लाकडी काडी घ्या. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवली की आतली पॅकिंगं फुगतात आणि वंगण धुऊन जातं. नीडलच्या पॅकिंगला आणि ट्रिगरच्या खिळीला गनसाठीचं, सिलिकॉन नसलेलं वंगण एक थेंब लावा.

पहिली फवारणी तुमच्या गाडीवर नको. भंगारातलं एखादं बॉनेट आणा. सपाट भाग, वळण आणि कड, तिन्ही त्यात मिळतात. त्यावर प्रायमर मारा, पेपर मारा, रंग द्या, परत पेपर मारून पुन्हा रंग द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हाताला अंतर आणि वेग सापडतो. ज्या सेटिंगवर रंग सपाट बसला ते शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा: दाब, फ्लुइडच्या फेऱ्या, फॅनच्या फेऱ्या, रंगाचे सेकंद, त्या दिवशीचं तापमान. गाडीला हात घालाल त्या दिवशी हवा बदललेली असेल, तेव्हा त्या आकड्यांपासून सुरुवात करून कागदावर एकदा पुन्हा जुळवून घ्या.